तिसरा पट

सांघिक बुद्धिबळ स्पर्धेच्या आधी कर्णधाराला एक कागद भरून द्यावा लागतो. त्यावर एकाखाली एक पाच नावं असतात : पहिल्या ते चौथ्या पटावर खेळणारे चार आणि एक राखीव. पहिली फेरी सुरू झाली की हा क्रम शेवटच्या फेरीपर्यंत हलत नाही. समोरचा संघ बघून आज पहिल्याला तिसऱ्यावर बसवू आणि तिसऱ्याला वर आणू, असं चालत नाही. मी आदिलाबाद जिल्ह्यात, पेनगंगेच्या अलीकडच्या जैनथ आणि बेला भागातल्या शाळकरी मुलांना बुद्धिबळ शिकवतो आणि त्यांचे संघ स्पर्धांना घेऊन जातो. त्या कागदावरची तिसरी ओळ सगळ्यात जास्त विचार करून लिहावी, असं माझं ठाम मत आहे.

बहुतेक शाळा ताकदीप्रमाणे नावं लिहून मोकळ्या होतात. सगळ्यात हुशार मुलगा पहिला, त्याच्यापेक्षा थोडा कमी तो दुसरा, आणि चौथा म्हणजे उरलेला. पालकांनाही हेच पटतं, कारण वरचा नंबर म्हणजे मान. पण गुणफलकावर पहिल्या पटाचा एक गुण आणि चौथ्या पटाचा एक गुण सारखेच मोजले जातात. संघ बांधायला बसलेल्या माणसानं हे एक पक्कं धरलं की पुढचं सगळं वेगळं दिसायला लागतं.

बुडापेस्टचं 2024 चं बुद्धिबळ ऑलिंपियाड आठवा. 22 सप्टेंबरला भारतानं खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्ण जिंकलं. खुल्या गटात पहिल्या पटावर गुकेश, दुसऱ्यावर प्रज्ञानंद, तिसऱ्यावर अर्जुन एरिगैसी, चौथ्यावर नाशिकचा विदित गुजराथी आणि राखीव हरिकृष्ण. त्या वेळी या पाचांत सगळ्यात जास्त एलो गुण होते ते अर्जुनचे, आमच्या तेलंगणातल्या वरंगळच्या पोराचे. तरी कर्णधार श्रीनाथ नारायणन यांनी त्याला तिसऱ्यावर बसवलं. अर्जुन अकराही फेऱ्या खेळला आणि त्यानं 11 पैकी 10 गुण आणले. वर गुकेशनं 10 डावांत 9 गुण करून समोरच्या संघांचे सगळ्यात तगडे खेळाडू अंगावर घेतले. दोघांनाही आपापल्या पटाचं सुवर्ण मिळालं. संघानं 22 पैकी 21 सामनागुण मिळवले. एक सामना बरोबरीत सुटला, तो उझबेकिस्तानशी.

महिला गटातही अकराच्या अकरा फेऱ्या खेळली ती तिसऱ्या पटावरचीच खेळाडू, नागपूरची दिव्या देशमुख. तिनं साडेनऊ गुण केले. पुण्याचे अभिजित कुंटे या संघाचे कर्णधार होते आणि कोनेरू हंपी संघात नव्हती. आठव्या फेरीत पोलंडकडून हार झाली, नवव्या फेरीत अमेरिकेशी बरोबरी. आता सुवर्ण निसटतं की काय, असं वाटत असताना दहाव्या फेरीत चीन समोर आला. तीन पटांवर बरोबरी झाली. दिव्यानं तिसऱ्या पटावर नी शिचुनला हरवलं आणि सामना अडीच-दीड असा आपला झाला. पुढच्या वर्षी बातुमीला महिला विश्वचषक जिंकून ती घराघरांत पोचली, पण माझ्या लेखी तिची सगळ्यात मोलाची चार-पाच तासांची बैठक ती, चीनविरुद्धची.

हे असं घडायला कारण आहे. वरच्या दोन पटांवर बलाढ्य संघांची जोड तुल्यबळ असते. दोघांचीही तयारी खोल, दोघंही एकमेकांना ओळखून, त्यामुळे बरोबऱ्या जास्त. खाली उतरलं की बहुतेक देशांची ताकद झपाट्यानं कमी होत जाते. एखाद्या देशाकडे जागतिक दर्जाचे दोन खेळाडू असतात, चौघं क्वचितच. जिथे समोरच्याची भिंत पातळ होते तिथे आपला जिंकणारा खेळाडू बसलेला असला, तर सामना तिथे फुटतो. 2014 मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला भारताला पहिल्यांदा खुल्या गटात पदक मिळालं, कांस्य. त्या संघात विश्वनाथन आनंद नव्हता, हरिकृष्णही नव्हता. तिसऱ्या पटावर अनुभवी कृष्णन शशिकिरण होता. भारत 1956 पासून ऑलिंपियाडला संघ पाठवतो आहे. आनंदसारखा खेळाडू पहिल्या पटावर असतानाही जे पदक आलं नव्हतं, ते चार पट सारखे भरले तेव्हा आलं.

गुण मोजायची पद्धतही इथे महत्त्वाची. 2008 च्या ड्रेस्डेन ऑलिंपियाडआधी सगळ्या डावांचे गुण एकत्र करून क्रमांक ठरायचा, त्यामुळे दुबळ्या संघाला चार-शून्यनं धुणं फायद्याचं होतं. ड्रेस्डेनपासून सामना जिंकला तर दोन गुण, बरोबरी झाली तर एक. चार-शून्य आणि अडीच-दीड यांची किंमत एकच झाली. तेव्हापासून संघात एक तरी असा लागतो जो घट्ट सामन्यात एखादा जास्तीचा डाव काढून देईल, आणि बाकीच्यांनी हरायचं नाही. आमच्याकडच्या शालेय स्पर्धांतही आता बऱ्याच ठिकाणी सामनागुणच धरतात.

मग रंग. ज्या संघाला पहिल्या पटावर पांढरी मोहरी, त्याला तिसऱ्यावरही पांढरी, दुसऱ्या-चौथ्यावर काळी. म्हणजे पहिला आणि तिसरा एकाच रंगानं खेळतात. दोघंही पांढऱ्यानं आक्रमक असतील तर त्या फेरीत संघाला दुहेरी जोर येतो, आणि काळी आली की दोघंही एकदमच बचावात जातात. म्हणून दुसरा आणि चौथा निवडताना मी काळ्यानं शांत खेळणारी मुलं शोधतो. राखीव खेळाडूमुळे यात आणखी एक पेच पडतो. राखीव नेहमी शेवटच्या पटावर बसतो. चौथ्याला विश्रांती दिली तर बाकी कुणाला धक्का लागत नाही. पण दुसऱ्याला बसवलं की तिसरा दुसऱ्यावर सरकतो, चौथा तिसऱ्यावर, आणि रात्रभर पांढऱ्याची तयारी केलेल्या मुलासमोर सकाळी काळी मोहरी येतात. कुणाला बाहेर बसवायचं हे ठरवताना मी आधी कोण-कोण सरकेल ते कागदावर मांडून बघतो.

क्रम असा आधीच बांधून ठेवायची पद्धत सगळ्या खेळांत नाही. युरोपात हातानं रंगवलेल्या चिमुकल्या सैनिकांच्या फौजा टेबलावर मांडून लढायचे खेळ आहेत. वॉरहॅमर हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. त्यांच्याही सांघिक स्पर्धा भरतात आणि तिथे जोड्या सामन्याच्या तोंडावर लागतात. एक कर्णधार आपला एक खेळाडू पुढे करतो, समोरचा त्याच्यावर दोन खेळाडू देऊ करतो, त्यातला एक पहिला कर्णधार निवडतो. त्यामुळे कुठल्याही फौजेसमोर तग धरणारा एक खेळाडू संघात मुद्दाम ठेवावा लागतो, पुढे करायला. मला ही पद्धत फार आवडते. कर्णधाराची अक्कल तिथे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पणाला लागते. बुद्धिबळात ही सगळी घासाघीस त्या एका कागदात आधीच करून ठेवावी लागते. बिनशर्त पुढे करता येईल असा खेळाडू आपल्याकडे पहिल्या पटावर बसतो.

माझ्याकडची मुलं घरी मराठी बोलतात, काही गोंडी, शाळेत तेलुगू. वडील बहुतेकांचे कापूस-सोयाबीनवाले. पहिल्या पटासाठी मी सगळ्यात हुशार मुलगा बघतच नाही. हरून आल्यावर पुढच्या फेरीला ताठ बसणारा मुलगा बघतो, कारण तिथे दर फेरीला समोरच्या शाळेचा सगळ्यात भारी खेळाडू येणार. हैदराबादच्या मुलांसमोर तीन डाव ओळीनं हरूनही ज्याचा घास तोंडात जातो, तो माझा पहिला.

जिंकायची भूक ज्याला जास्त, तो तिसऱ्यावर. यावर दर वर्षी वाद होतो. एकानं विचारलंच, "सर, मले तिसऱ्या नंबरवर काहून टाकलं? मी त्याले दहा वेळा हरवलं हाये." मी त्याला अर्जुनचे बुडापेस्टचे डाव मांडून दाखवले. त्याच्या बाबांना समजवायला जास्त वेळ लागला. "गुरुजी, गावात लोक विचारतेत ना, पोरगं कितवं हाये म्हणून," असं ते म्हणत होते, आणि त्यांचं म्हणणं मला कळत होतं. मुलगा मात्र ते डाव बघून स्वतःच तयार झाला.

तिसऱ्या पटावरच्या मुलाला मी एक गोष्ट इतरांपेक्षा जास्त घोटून घेतो, ती म्हणजे हत्ती आणि प्याद्याचा शेवट. कारण सामना दीड-दीडवर अडकला की बऱ्याचदा हाच पट चालू राहिलेला असतो आणि त्यावर एवढंच उरलेलं असतं. आपलं प्यादं सातव्या घरात, त्याच्या पुढे आपलाच राजा, एका बाजूला समोरच्याचा राजा आपल्या हत्तीनं तोडलेला. मुलं इथे घाईनं राजा बाहेर काढतात आणि मग हत्तीच्या शहांचा मारा सुरू होतो. आधी आपला हत्ती चौथ्या ओळीवर आणायचा. मग राजा बाहेर, शह आला की राजा एकेक घर खाली, आणि शेवटचा शह चौथ्या ओळीवरचा हत्ती आडवा घालून अडवायचा. प्याद्याचा वजीर होतो. ल्युसेनाच्या नावानं ही रीत जगभर शिकवतात. माझ्या एका मुलीनं घड्याळात दोन मिनिटांहून कमी उरलेली असताना ती जशीच्या तशी लावली. तोवर तिचे तिन्ही सोबती उठून तिच्या मागे, नियमाप्रमाणे लांब, उभे होते.

राखीव मुलाला बसून राहायचं शिकवावं लागतं आणि ते फार अवघड काम आहे. बुडापेस्टला हरिकृष्ण तीनच डाव खेळला. महिला संघाची राखीव तानिया सचदेव पाच. दोघंही भारतासाठी वर्षानुवर्षं खेळत आलेले. मी राखीव मुलाला समोरच्या संघांचे डाव बघून ठेवायचं काम देतो. कोण कोणत्या सुरुवातीनं खेळतो, कुणाची वेळ संपत येते, हे संध्याकाळी तोच बाकीच्यांना सांगतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खेळायला बसतो तेव्हा तो हॉल ओळखीचा झालेला असतो.

मुलींच्या बाबतीत माझा आग्रह आहे. 2020 च्या ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये सहा पट होते : दोन पुरुष, दोन महिला, एक वीस वर्षांखालचा मुलगा, एक मुलगी. विदित कर्णधार होता. आनंद, हंपी, हरिका, गोव्याची भक्ती कुलकर्णी, प्रज्ञानंद, दिव्या हे सगळे एकाच संघात. भारत आणि रशिया संयुक्त विजेते ठरले. मुलींचा पट कमकुवत असलेल्या देशाला तिथे लपायला जागाच नव्हती. शालेय पातळीवर हाच साचा सक्तीचा करावा, असं मला मनापासून वाटतं. आज बऱ्याच शाळा चार मुलगे उभे करतात आणि मुलींचा संघ भरलाच नाही म्हणून सांगतात.

आमच्या जैनथला लक्ष्मीनारायणाच्या जुन्या देवळाची कार्तिकात यात्रा भरते. नदीपलीकडून, पांढरकवड्याच्या बाजूनंही माणसं येतात. त्या दिवसांत अलीकडच्या आणि पलीकडच्या गावांचा चार पटांचा सामना भरवावा, असा माझा विचार आहे. प्रत्येक संघात किमान दोन मुली, एक राखीव, क्रम आदल्या रात्री बंद पाकिटात. शाळेतून बाकं मिळतील, पट आहेत, घड्याळं चार कमी पडतात. ज्या गावांना संघ पाठवायचा आहे त्यांनी पाच नावं ठरवायला आत्तापासून बसावं, आणि तिसऱ्या नावापाशी जरा जास्त वेळ घालवावा.