मारुताचे इंजिन

धामणकर नाक्यावरच्या आमच्या घरी खालच्या यंत्रमागांचा खडखडाट थांबतो तो वीज गेली म्हणजेच. त्या गजरात आमचे चिरंजीव संगणकावरच्या उड्डाणाच्या खेळासाठी विमान रचीत बसतात. म्हणजे 'मारुत'चा नवा अवतार! कुर्ट टँक यांनी बंगळूरला आखलेले हे लढाऊ विमान १९६१ साली प्रथम उडाले. बांधा ध्वनीहून वेगवान. पण योजलेले इंजिन विलायतेत अर्ध्यावरच सोडले गेले. बिचारे अपुऱ्या इंजिनावर १९७१ चे युद्धही लढले. एचएफ-७३ ही सुधारित आवृत्ती कागदावरच राहिली. चिरंजीवांनी तिला हवे तसे इंजिन दिले.

"बाबा, विमान चांगलंच होतं हो!" आणि मग सहज म्हणाले, "तुमच्या प्रबंधाला काय कमी पडलं?"

कपाटात पंधरा वर्षे पडलेली ती बाडे!

"अभ्यासाला बस," मी म्हटले.