न्हाणीचा पडदा

॥ श्री ॥

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. बाळ हिस,



टोरोंटोच्या नव्या भाड्याच्या जागेतील न्हाणीघर इतके लहान आहे की तेथे काचेचे दार उघडावयास जागा नाही, घरमालक भिंतीस भोक पाडू देत नाही, आणि दुकानात टांगलेले पडद्यांचे असंख्य प्रकार पाहून मती गुंग झाली, ही तुझी कैफियत पोहोचली. त्याच पत्राच्या शेवटी, आपल्या जुन्या घरातील न्हाणीच्या पडद्याला आजीने पैसे शिवले होते हे खरे काय, असेही तू सहज विचारले आहेस. तुला हे दोन विषय निराळे वाटले असतील; माझ्या मते ते एकाच दप्तरातले आहेत, म्हणून दुसऱ्याचे उत्तर आधी देतो.

खरे आहे. आपले तेव्हाचे बिऱ्हाड वाड्याच्या मागील अंगाला होते आणि न्हाणी म्हणजे स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळाच्या टोकाशी घातलेली शहाबादी फरशी, तिच्या एका कोपऱ्यात तांब्याचा बंब, दुसऱ्यात पाण्याचा लहान हौद, आणि मध्ये जेमतेम एक पाट मावेल एवढी मोकळीक. दार आत उघडावे तर ते बंबावर आपटणार, बाहेर उघडावे तर बोळ अडून जाण्यायेण्याची वहिवाट बंद होणार. सबब दाराची दरखास्त आरंभीच निकालात निघाली आणि पडद्याची तजवीज झाली. तुझ्या आजोबांची नोकरी शाहू मिलमध्ये, विणकाम खात्यात. १९०६ साली शाहू महाराजांनी पाया घातलेल्या त्या गिरणीच्या भोंग्यावर अर्ध्या शहराची घड्याळे चालत, आणि आमच्या घरातील स्नानांचा क्रमही त्या भोंग्यानेच ठरे. कापडाची पारख आजोबांना होती. कोणी तरी मेणकापड सुचविले, कारण त्यावरून पाणी निथळून जाते. पण जवसाचे तेल पाजून केलेले ते कापड विस्तवाजवळ टांगणे म्हणजे घरात उपद्रव बोलावून घेणे, असा फैसला देऊन त्यांनी जाड मांजरपाट पसंत केला.

मांजरपाटाने पाणी अडविले, परंतु निराळाच तंटा उभा राहिला. बंबात निखारे फुलले की त्याची नळी न्हाणीतली हवा वर ओढून घेई, तिची भरपाई करण्यास बोळातला गार वारा पडद्याखालून आत धावे, आणि पडद्याचा ओला काठ स्नान करणाऱ्याच्या पोटऱ्यांना येऊन चिकटे. थंडीच्या दिवसांत गरम पाण्याचा तांब्या अंगावर ओतावा आणि त्याच क्षणी गारठलेले कापड पायांना लागावे, हा प्रकार ज्याने भोगला त्यालाच त्याचा संताप ठाऊक. आमच्या आईने हा तंटा ज्या युक्तीने मिटविला तिची हकीकत तू विचारतेस.

महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून, मध्यभागी मोठे भोक असलेला एक पैसा सरकारने काढला होता. तांब्याची बचत हा त्यामागचा हेतू. तो भोकाचा पैसा पुढे बरीच वर्षे चालला. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, रुपयाचे चौसष्ट भाग जाऊन शंभर झाले, आणि जुनी नाणी हळूहळू व्यवहारातून उठली. घरोघरी डब्यांच्या तळाशी असे पैसे पडून राहिले. आमच्या घरचे आईने एके दुपारी काढले, पडद्याच्या खालच्या काठाला दोन बोटे रुंद दुमड घातली, आणि वीतवीत अंतरावर एकेक पैसा आत ठेवून त्याच्या भोकातून दोरा चार वेळा ओवून घट्ट टाचला, म्हणजे धुण्याच्या दगडावर आपटले तरी पैसा दुमडीत सरकू नये. चलनातून बाद झालेल्या नाण्याला इतकी मानाची नेमणूक क्वचितच मिळाली असेल. पडदा सरळ लोंबू लागला आणि तक्रार बंद झाली.

आता तुझ्याकडे येतो. तुझ्या न्हाणीघरात बंब नाही, तरीही पडदा आत येणारच. गरम हवा वर चढते म्हणून असे होते, हे सांगण्याची पद्धत आहे, पण थंड पाण्याच्या फवाऱ्यातही तो आत येतो, तेव्हा तेवढ्याने उलगडा होत नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील डेव्हिड श्मिट यांनी संगणकावर गणित मांडून दाखविले की फवाऱ्याचे थेंब हवेला ओढत नेतात आणि आडव्या आसाचा एक भोवरा निर्माण होतो. त्याच्या मध्याशी हवेचा दाब कमी असतो आणि पडदा तिकडे खेचला जातो. या संशोधनाला २००१ साली ‘इग नोबेल’ हे, आधी हसविणाऱ्या आणि मग विचार करावयास लावणाऱ्या कामासाठी असलेले पारितोषिक मिळाले. आमच्या आईला भोवऱ्याची वार्ता नव्हती. काठ जड हवा, एवढे तिला कळले होते, आणि निवड करताना तुलाही तेवढेच कळले तरी पुरे. काठात वजन किंवा लोहचुंबक बसविलेला पडदा घे आणि तो टबाच्या आतल्या बाजूने सोड.

रंग आणि नक्षी यांचा विचार त्यानंतर. लहान खोलीत पडदा हीच एक भिंत होऊन बसते, म्हणून तो भिंतींच्या रंगाशी जुळता व फिका असावा. तुझ्या न्हाणीघरात दिवा एकच असेल तर गडद कापडामागे तुला अंधारात स्नान करावे लागेल. दांडी मात्र होईल तितकी उंच लाव. स्प्रिंगच्या दाबाने दोन भिंतींत अडकून राहणाऱ्या दांड्या मिळतात, त्यांना भोक लागत नाही आणि मालकाशी वितुष्टही येत नाही. तिकडचे तयार पडदे बहुधा ७२ इंच रुंद व तितकेच लांब असतात, त्यामुळे दांडी वर नेलीस तर लांबी कमी पडेल, हे आधी मोजून पाहा. टब पाच फुटी असेल तर रुंदी पुरून थोड्या चुण्याही पडतील.

आतला, म्हणजे पाणी अडविणारा, पडदा पीव्हीसीचा घेऊ नकोस. तो मऊ राहावा म्हणून मिसळलेली द्रव्ये हळूहळू हवेत सुटत राहतात, आणि नव्या पडद्याला जो उग्र दर्प येतो त्यात त्यांचा वाटा असतो. खिडकी नसलेल्या तुझ्या न्हाणीघरात तो कित्येक दिवस कोंडून राहील. क्लोरीन नसलेल्या पीईव्हीएचा किंवा दाट विणीच्या पॉलिएस्टरचा बरा, आणि त्यातही पॉलिएस्टरचा, कारण तो यंत्रात धुता येतो. स्नान झाल्यावर पडदा गोळा करून एका बाजूस सारण्याची तुम्हा मुलांची सवय मला माहीत आहे. तो पसरलेलाच ठेव. चुण्यांत पाणी राहिले की काळी बुरशी धरते, आणि काठाशी जो गुलाबी चिकट थर येतो तो साबणाच्या अवशेषावर पोसणाऱ्या जिवाणूंचा असतो.

बाहेरच्या शोभेच्या पडद्यावर मात्र तेथे डॉलर घालवू नकोस. नारायणराव घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली जेथे पहिला यंत्रमाग बसविला, ती इचलकरंजी आपल्यापासून तासाच्या वाटेवर आहे. तेथून फिक्या रंगाचे सुती कापड आणवून लक्ष्मीपुरीतल्या शिंप्याकडून शिवून घेईन. दांडीची लांबी, जमिनीपासून तिची उंची आणि कड्या किती, हा तपशील इंचांत लिहून पाठव. सेंटीमीटरांत पाठविलास तर शिंपी मला पुन्हा विचारील.

तुझ्या काकूचे आशीर्वाद.

तुझा,
तात्या

ता. क. भोकाचे पैसे अजून डब्यात आहेत, पण पाठवीत नाही. ओल्या काठातल्या पैशांचा गंज तुझ्या पांढऱ्या टबावर हिरवे डाग पाडील, आणि घरमालक अनामत रकमेतून त्याची वसुली करील.