टमाट्याचं पान का मुरडलं?



टमाट्याचं झाड शेंड्याला मुरडलेलं दिसलं की आमच्या वऱ्हाडात एकच शब्द निघतो, 'कोकडा आला'. मिरचीवर हा रोग जुना, म्हणून टमाट्यालाही तेच नाव पडलं. टमाट्याला भेदरं म्हणणारी जुनी माणसं तर लगेच सांगतात, उपटून फेका. नाव तोंडात तयार असलं की माणूस झाडाकडे नीट पाहत नाही, असं माझं मत झालं आहे. पान मुरडण्याची कारणं निदान तीन-चार आहेत. एकात झाड उपटावंच लागतं. दुसऱ्यात काही करायचंच नसतं. आणि तिसऱ्यात झाडापेक्षा धुऱ्यापलीकडच्या माणसाशी बोलणं अवघड असतं. ते तिसरं आमच्या वाट्याला आलं, म्हणून हे लिहीत आहे.

आमचं वलगाव अमरावतीहून परतवाड्याला जाणाऱ्या रस्त्यावर, पेढी नदीच्या काठी. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी इथंच पेढीजवळ देह ठेवला, त्यामुळं गावाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. आमचं वावर काळ्या जमिनीचं. पऱ्हाटी, तूर, आणि विहिरीच्या अंगाला अर्धा एकर टमाटे. विहीर मात्र सामाईक आहे, आमची आणि धुऱ्याशेजाऱ्यांची. त्यांना मी मामाजी म्हणते. सासरे नव्हेत ते माझे, पण त्या वयाचे आहेत आणि मला सूनबाई म्हणतात. त्यांच्याकडे त्या साली गहू होता.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली गोष्ट. टमाटे फुलावर होते, काहींना बोराएवढी फळं धरली होती. पाच-सहा दिवस आम्ही तुरीत गुंतलो होतो. परत वाडीत गेलो तर धुऱ्याकडच्या ओळी ओळखू येईनात. शेंडे खाली वाकलेले, देठ पिळलेल्या सुतळीसारखे, नवं पान अरुंद होऊन पुढं दोऱ्यासारखं निघालेलं. आमच्या लेकानं पाहिलं आणि म्हणाला, "कोकडाच हाय आई, पुरं वावर जाते आता." दुसऱ्या दिवशी तो एक शेंडा घेऊन शहरात औषधाच्या दुकानी गेला. दुकानदारानं शेंडा हातातही न घेता दोन बाटल्या पुढं केल्या, एक पांढऱ्या माशीची आणि एक टॉनिकाची. लेकानं किंमत ऐकली आणि विचारून येतो म्हणून परत आला. तेवढं त्याचं डोकं ठिकाणावर होतं.

आता रोग खरा असला तर कसा दिसतो ते सांगते. पर्णगुच्छ, म्हणजे ज्याला आपण कोकडा म्हणतो, तो विषाणूचा रोग. पांढरी माशी रोगट झाडाचा रस शोषते आणि तोच विषाणू पुढच्या झाडात सोडते. माशी कुठं बसेल याचा नेम नाही, म्हणून रोगट झाडं वावरात विखुरलेली दिसतात, इथं एक, चार ओळी सोडून दुसरं. शेंड्याची पानं बारीक होतात, कडा पिवळ्या पडतात, पान वाटीसारखं वळतं, पेरं आखूड होऊन झाड खुजं आणि झुडपासारखं होतं. फूल गळतं. पान उलटून हलवलं तर पांढरा भुरका उडतो. त्याच्यावर औषध नाही. औषध माशीवर आहे, विषाणूवर नाही. लावणीनंतर पहिल्या महिन्यात असं झाड दिसलं तर पिशवीत घालून उपटावं, उघडं नेलं तर माशा वावरभर होतात. खरी राखण रोपवाटिकेतच, बारीक जाळीखाली रोप वाढवण्यात. बंगलोरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं या रोगाला दाद न देणारा 'अर्का रक्षक' हा संकरित वाण काढला आहे.

आमच्या वावरात हे जुळत नव्हतं. झाडं विखुरलेली नव्हती, एका अंगाची सगळी होती. धुऱ्यापासून पहिल्या तीन ओळी पार पिळलेल्या, पुढच्या पाच-सहा कमी, आणि विहिरीकडच्या ओळी हिरव्यागार. रोग असा ओळीनं चढत्या-उतरत्या मापानं येत नाही. पानाखाली माशीही नावालाच होती.

माझ्या सासूबाईंची नजर वेगळ्याच जागी गेली. धुऱ्यावर त्यांनी बरबटीचा वेल चढवला होता, त्याचंही पान आक्रसलं होतं. आणि जवळच उभ्या राहिलेल्या पऱ्हाटीला जी नवी पालवी होती तिचं पान भेंडीच्या पानासारखं फाटलेलं, बोटं फुटल्यासारखं. त्या म्हणाल्या, "टमाट्याचा रोग बरबटीले अन् पऱ्हाटीले एकाच दिशी कसा झाला वं?" त्या शाळेत गेलेल्या नाहीत. पण प्रश्न त्यांनीच बरोबर विचारला.

उत्तर गव्हात होतं. गहू महिन्याचा झाला की त्यातलं रुंद पानाचं तण मारायला २,४-डी नावाचं तणनाशक फवारतात, बोलताना टू-फोर-डी म्हणतात. हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत तयार झालं. झाडाच्या अंगात वाढीचा जो रस असतो त्याची ही नक्कल. रुंद पानाच्या झाडाला ते मिळालं की त्याची वाढ ताळ सोडते आणि झाड स्वतःलाच पिळून घेतं. गहू, ज्वारी ही गवताच्या जातीची पिकं, ती तग धरतात. कापूस, टमाटे, द्राक्ष, शेंगवर्गी वेल यांना मात्र त्याचा वास लागलेलाही सोसत नाही. वास म्हणते ते उगाच नाही. यातला इथाइल एस्टर हा प्रकार उन्हात वाफ होऊन हवेत जातो. फवारा उडाला नाही तरी वाफ धुरा ओलांडते. अमाइन आणि सोडियम क्षाराचे प्रकार त्या मानानं कमी उडतात.

गंमत अशी की हेच २,४-डी आमच्या जिल्ह्यातले संत्र्याचे बागाईतदार फळगळ थांबवायला वापरतात, १०० लिटर पाण्यात अवघं दीड ग्रॅम. म्हणजे मापानं औषध आणि मापाबाहेर विष. ज्याच्या घरी संत्रा, गहू आणि भाजीपाला तिन्ही आहे त्यानं तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा. पंप धुतला म्हणून धुतला जात नाही, नळीत आणि वॉशरात राहिलेला अंशही टमाट्याला पुरतो.

कारण कळलं, आणि घरात दुसराच वणवा पेटला. लेक म्हणे, भरपाई मागू, नाही दिली तर पंचनामा करू. घरचे गप्प. सासूबाई म्हणाल्या, "विहीर दोघायची हाय. भांडलं तं उन्हाळ्यात पाणी कोन देईन?" लेकाचं म्हणणं खोटं नव्हतं. लागवडीला पैसा गेला होता, आणि हंगाम डोळ्यांसमोर जात होता. पण पाण्याच्या पाळीवरून फुटलेली घरं आम्ही याच गावात पाहिली आहेत.

शेवटी मी गेले, हात रिकामे ठेवून. मामाजींना एवढंच म्हटलं, "तुमच्या अंगाच्या धुऱ्यावर वालाचा वेल हाय ना, तो पाहाले चला." त्यांच्या स्वतःच्या वालाचा शेंडा पिळलेला होता. ते बराच वेळ पान उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, हे गव्हाच्या औषधानं होय?" मी हो म्हटलं. दुपारच्या उन्हात, वारं आमच्याकडे वाहत असताना फवारलं होतं, हे त्यांनी आपण होऊन सांगितलं. आम्ही दोन झाडं मुळासकट ओल्या पोत्यात गुंडाळून तज्ज्ञांना दाखवली. त्यांनीही तेच सांगितलं.

मग आता उपटायचं की ठेवायचं? तणनाशकाची झळ हलकी असली तर झाड सावरतं. दोन-तीन आठवड्यांत शेंड्याला सरळ पान आलं तर ठेवावं, नाही आलं तर वाट पाहण्यात अर्थ नाही. धुऱ्याकडच्या तीन ओळी आम्ही काढल्या. पुढच्या ओळींवरची धरलेली फळं तोडून पुरली. कुणी म्हणालं, विकून टाका, बाजारात कोण ओळखतं. पण आपल्या घरी जे खाणार नाही ते दुसऱ्याच्या घरी कसं पाठवायचं?

एक साधं मुरडणं राहिलंच. खालची, जुनी पानं वर वळून द्रोणासारखी होतात, हाताला जाड आणि कडक लागतात, रंग हिरवाच राहतो, शेंडा ठीक असतो. हे उन्हाच्या तडाख्यानं, पाण्याच्या ओढीनं, साचलेल्या पाण्यानं किंवा एकदम खूप फुटवे काढल्यानं होतं. फळं धरत राहतात. तिथं बाटली घेऊन धावू नये, पाणी नेमानं द्यावं.

आणि डोळ्यांनी कळत नसेल तर तसं कबूल करावं. २०२० च्या उन्हाळ्यात नगर, पुणे, सातारा भागात टमाट्याची फळं चट्ट्यापट्ट्यांची पिकू लागली, तेव्हा कुणी बियाण्याला दोष दिला, कुणी हवेला, अफवांनी भाव पडले ते निराळंच. मुख्यतः काकडीवरचा मोझॅक विषाणू आहे हे बंगलोरच्या संस्थेत नमुने तपासल्यावर कळलं. आपल्या जिल्ह्यात बडनेऱ्याजवळ दुर्गापूरला आणि घातखेडला कृषी विज्ञान केंद्रं आहेत, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. नमुना नेताना नुसतं पान नेऊ नका. अख्खं झाड न्या, शेजारचं चांगलं झाडही न्या, आणि वावराच्या कोणत्या अंगाला किती ओळी, गेल्या पंधरा दिवसांत आपण काय फवारलं आणि शेजाऱ्यानं काय फवारलं, हे कागदावर लिहून न्या.

उरलेल्या ओळींना जानेवारीत सरळ पान आलं, तोडे उशिरा सुरू झाले. खर्च कसाबसा निघाला. मामाजींचा गहू मात्र चांगला उतरला. खळं झाल्यावर त्यांनी एक कट्टा आमच्या ओसरीवर आणून ठेवला आणि पैशाचं नावही काढू दिलं नाही. लेकानं तो न बोलता उचलून आत नेला.