खसखशीचे लाडू

चिपळुणात आम्हा दोघा भावांचं कुरिअरचं दुकान आहे. आखातात पार्सलं पाठवणं हे मुख्य काम. विमानाच्या पार्सलाचं वजन नुसतं काट्यावर ठरत नाही. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं आणि जे जास्त येईल त्याचे पैसे.

हे एका मामूंना पटेना. लेकासाठी सावरीच्या कापसाची उशी आणलेली. काट्यावर दीड किलो, मापाने बारा! "हवेचे पैसे घेता काय रे?" म्हणत ते उशीवरच बसले. चहा पिऊन होईपर्यंत उठले नाहीत. २५ सेंटिमीटरची उशी १० वर आली. आम्ही पाच किलोची पावती केली.

एका खालांनी मात्र आम्हाला घाम फोडला. दुबईत सून बाळंत झालेली, तिच्यासाठी डिंकाचे लाडू.

"खाला, खसखस घातलीय?"

"मग! खसखशीवाचून लाडू असतो का?"

अमिरातीत खसखशीला बंदी आहे, पार्सल घेणारा लेकच अडकेल, असं सांगितलं तर खाला भडकल्या. "माझ्या लाडवांत नशा?" डबा उचलून चालत्या झाल्या. रात्री आमच्या अम्मीकडे तक्रारही पोचली.

तिसऱ्या दिवशी सलाम करून पुन्हा हजर. नवे लाडू. एक फोडून म्हणाल्या, "तपासा." आम्ही खाऊन तपासला. पत्ता लिहिताना त्यांनी हळूच विचारलं, "पोलीस खरंच नेतात का रे?" आम्ही मान हलवली.

खालांनी पिशवीतून जुना डबा काढून काउंटरवर ठेवला. "हे तुम्ही खा. इथं चालतं ना?"