लिंबाखालची बिळं

आमच्या घरात मुंग्यांशी भांडण होतं ते ज्वारीवरून. लोहारा तालुक्यातलं गाव, दगडमातीच्या जाड भिंतींचं माळवदाचं घर आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत बळद. खळ्यावरची रास घरी आली की वर्षभराची शाळू ज्वारी त्या बळदात जायची. घरातली सगळी माणसं पुढच्या सुगीपर्यंत तिच्यावर, आणि पाऊस हुकला तर त्याच्याही पुढच्या सुगीपर्यंत. मोठीआई, म्हणजे माझी आज्जी, ज्वारीच्या थरावर लिंबाचा वाळला पाला आणि राख टाकत बळद भरायची आणि तोंड शेणामातीनं लिंपून घ्यायची. एवढं करूनही अंगणातल्या लिंबाच्या बुंध्यापासून एक काळी रेघ निघायचीच. ओसरी, उंबरा, भिंतीची फट असं करत ती बळदाच्या खालच्या तोंडापाशी पोचायची.

मोठीआई ती रेघ कधी पायानं पुसायची नाही. दिवस उगवायच्या आत ती लिंबाखालच्या बिळांपाशी मूठभर पीठ सोडायची आणि उंबऱ्याबाहेर चुलीतल्या राखेची पट्टी ओढायची. "मुंग्यायला दारात घाल, म्हंजी घरात येत न्हाईत," हे तिचं ठरलेलं बोलणं. लहानपणी मला हा निव्वळ धर्म वाटायचा. पुढे मुंग्यांविषयी वाचायला लागले तेव्हा त्यातलं शहाणपण ध्यानात आलं. खाणं सापडलेली मुंगी परत येताना जमिनीवर वास सोडत येते, बाकीच्या त्या वासावर चालतात आणि प्रत्येक मुंगी त्यात आपली भर घालते. वाट वापरात राहिली नाही की वास विरतो. बिळाच्या तोंडाशीच पीठ मिळालं तर बळदापर्यंतची वाट ओस पडते, आणि उरलासुरला वास राखेखाली जातो. मोठीआईला वासाचं शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. तिनं आयुष्यभर मुंग्यांकडे नीट पाहिलं होतं.

तिची दया सरसकट नव्हती. काळी मुंगी लक्ष्मीची, मुंगळा आडदांड पण आपल्या वाटेनं जाणारा, आणि लाल मुंगी मात्र लेकराची वैरीण. वाकळेवर निजवलेल्या तान्ह्या पोराला लाल मुंग्या डसल्या की ती भगुलंभर उकळतं पाणी घेऊन निघायची आणि बीळ सापडेपर्यंत थांबायची नाही. त्या वेळी तिच्या तोंडून एकही हळवा शब्द निघायचा नाही. अंगण कुणासाठी सोडायचं आणि कुणाकडून सोडवून घ्यायचं, हे तिचं पक्कं ठरलेलं होतं.

नागपंचमीला गावातल्या बायका लाह्या-दूध घेऊन वारुळाला जायच्या. त्या दिवशी जमीन उकरायची नाही, काही चिरायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. वारूळ मुंग्यांनी बांधलं आणि नागानं बळकावलं, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. खरं तर ते उंच वारूळ वाळवीचं असतं, आणि मुंगी म्हणजे वाळवीची हाडवैरीण. पण श्रावणातला तो एक दिवस जमिनीखालच्या सगळ्याच जिवांना अभय मिळायचं, हे मला आजही मोलाचं वाटतं. येळवशीलाही तसंच. मार्गशीर्षातल्या त्या अवसेला शेतातल्या कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा व्हायची, आंबिलीनं चर शिंपला जायचा, भज्जी आणि बाजरीच्या उंड्यांवर सगळं गणगोत जेवायचं. निघताना मोठीआई एक उंडा कुस्करून बांधावरच्या बिळांपाशी टाकायची. कुणबिकीच्या घरात ज्यांचा ज्यांचा वाटा असतो त्यात मुंग्याही होत्या.

श्रावणात पाऊस उघडून ऊन पडलं की मोठीआई ओल धरलेली ज्वारी पटकुरावर पसरायची. त्याच वेळी अंगणाच्या कडेला, बिळांच्या तोंडाशी, गवताच्या बियांचे चिमूट-चिमूट ढीग दिसायचे. मुंग्याही आपलं धान्य उन्हाला घालत असायच्या. विल्यम साईक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं नेमकं हेच पुण्यात पाहिलं होतं. कंपनी सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करणारा हा माणूस पक्षी, मासे, किडे असं सगळं टिपत हिंडायचा. १८३५ साली त्यानं हिंदुस्थानातल्या मुंग्यांवर एक निबंध छापला. पावसानं कोठारात भिजलेल्या गवताच्या बिया मुंग्यांनी वर आणून उन्हात वाळत घातल्याचं त्यानं त्यात लिहिलं. मुंग्या धान्य साठवतात ही जुन्या लोकांची समजूत त्या काळी युरोपातले विद्वान खोटी ठरवू लागले होते, म्हणून या नोंदीला वजन आलं. त्या मुंगीला त्यानं ‘प्रोव्हिडेन्स’, म्हणजे पुढची तरतूद करून ठेवणारी, असं नाव दिलं. आज तिला फायडोल प्रोव्हिडेन्स म्हणतात. हे वाचलं तेव्हा पटकुरावर ज्वारी पसरणारी मोठीआई आणि तिच्या पायाशी आपल्या बिया पसरणाऱ्या त्या मुंग्या, दोघी एकाच कामात असल्याचं मला पहिल्यांदा दिसलं.

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, काळात पावडर आली. शेतात फवारणीला, धुरळणीला जे आणलं जाई त्यातलं उरलेलं घरी यायचं. बीएचसीची ती मळकट पावडर आणि तिचा घशात बसणारा कुबट वास. अण्णांचा स्वभाव झटक्यात निकाल लावण्याचा. लिंबाखालच्या प्रत्येक बिळावर मूठ-मूठ पावडर पडली, बळदाच्या बुडाशीही पडली. दुसऱ्या दिवशी मेलेल्या मुंग्या खराट्यानं लोटाव्या लागल्या. पुढच्या काही दिवसांत अंगणात टिपणाऱ्या कोंबड्या मान टाकू लागल्या. मोठीआई काही बोलली नाही, फक्त तिनं बळदाच्या बुडाची ज्वारी वेगळी काढून लांबच्या खड्ड्यात पुरायला लावली. महिन्याभरात लिंबापासून चार हात पुढे नवी बिळं उघडली.

ती उघडणारच होती. वर दिसतात त्या मुंग्या म्हणजे त्या घराचा छोटासा भाग, दाणापाण्याला बाहेर पडलेल्या म्हाताऱ्या कामकरणी. मुंगी आयुष्याच्या सुरुवातीला आत राहून पिल्लं सांभाळते आणि उतारवयात बाहेरच्या धोक्याच्या कामाला लागते. राणी खाली, अंधारात, अंडी घालत असते. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेल्या मुंग्या दिव्याभोवती येतात, त्यांतल्या नरांचं आयुष्य तेवढ्यावर संपतं. मिलन झालेली मादी आपले पंख स्वतः झडवते, जमीन उकरून आत शिरते आणि उडण्याच्या आता निरुपयोगी झालेल्या स्नायूंच्या बळावर पहिली पिल्लं वाढवते. त्या एका उड्डाणातलं बीज तिला जन्मभर पुरतं. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी माणसाच्या देखरेखीखाली २८ वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या वॉल्टर चिंकेल या कीटकशास्त्रज्ञानं बिळांमध्ये वितळलेला धातू ओतून त्यांचे साचे काढले, तेव्हा तिथल्या दाणे वेचणाऱ्या मुंग्यांची घरं दहा फुटांपर्यंत खोल गेलेली दिसली. एकाखाली एक खोल्या, खालच्या थराला तान्ही पिल्लं, मधल्या थरांत बियांची कोठारं. वरून टाकलेली मूठभर पावडर तिथवर पोचत नाही. ती पोचते कोंबडीच्या चोचीत, विहिरीच्या पाण्यात, गाईच्या दुधातल्या स्निग्धांशात. बीएचसी मातीत वर्षानुवर्षं टिकतं. आपल्या देशात त्याच्यावर बंदी आली १९९७ साली. तोवर मराठवाड्यातल्या किती अंगणांत आणि किती बळदांत ते पडलं असेल, या विचारानं आजही जीव कासावीस होतो.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून गाव झोपलं होतं. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली आणि ज्या जाड भिंतींनी उन्हाळे थंड ठेवले त्याच भिंती माणसांवर आल्या. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून जवळजवळ आठ हजार माणसं गेली. मोठीआई त्यात गेली. त्या दिवसांबद्दल मी फार लिहू शकत नाही. पण एक गोष्ट लिहायची राहू नये असं वाटतं. ढिगारा उपसताना बळद फुटलेलं सापडलं. ज्वारी माती-दगडांत मिसळलेली, वरून पाऊस पडलेला. तिच्यावर मुंग्या लागल्या होत्या, दाणा उचलून ढिगाऱ्यातून वाट काढत लिंबाकडे चालल्या होत्या. पावडर टाकणारे अण्णा तिथे उभे होते. त्यांनी हातातलं खोरं बाजूला ठेवलं आणि ती बाजू शेवटपर्यंत उपसायला घेतली नाही. "नेऊ द्या," एवढंच म्हणाले.

पुढे पत्र्याच्या शेडमधले दिवस आणि मग नवं गावठाण. सरळ आखलेले रस्ते, एका ठशाची घरं, घरासमोर उघडं अंगण. जुन्या गावात अंगणं एकमेकांना खेटून होती, इथे अंगण इतकं मोठं की बायकांना एकमेकींशी बोलायला हाक मारावी लागे. झाड एकही नाही, नुसता मुरूम. त्या अंगणात सगळ्यात आधी आल्या त्या मुंग्या. आईनं लिंबाचं रोप लावलं ते त्यांच्यानंतर.

लग्न होऊन मी जिल्ह्याच्या गावी आले. इथल्या अंगणात लिंब, शेवगा, जास्वंद, तुळस आणि पुन्हा मुंग्या. शेवग्यावर ओळीनं मुंगळे चढताना दिसले की शेजारच्या वहिनी म्हणायच्या, मुंग्या झाड खातात. मी शेंड्याची पानं उलटी करून त्यांना दाखवली. कोवळ्या देठांवर मावा होता. मावा झाडाचा रस ओढतो आणि मागून गोड चिकटा सोडतो, मुंगळे तो चाटतात आणि बदल्यात माव्याची राखण करतात, त्याला खायला आलेल्या ढालकिड्यांना हुसकून लावतात. झाडाला त्रास माव्याचा. पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क फवारला, मावा गेला, तशी मुंगळ्यांची ये-जा आपोआप ओसरली. बुंध्याला विष घालायची गरजच पडली नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात मुंग्या दाण्यासाठी आल्या नाहीत, पाण्यासाठी आल्या. आमच्याकडे टँकरची वाट पाहणं सुरू होतं, शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. अंगणातली माती भेगाळली होती आणि रांजणाच्या बुडाशी पाझरणाऱ्या ओलीवर मुंग्यांचं काळं कडं तयार व्हायचं. मी रांजणापासून लांब, लिंबाखाली, खापरात ओलं फडकं ठेवायला लागले. रांजण मोकळा झाला. वाट वळवायची ही रीत मोठीआईचीच.

लाल मुंग्यांशी मात्र मी तडजोड करत नाही. घरादारात डसणाऱ्या लाल मुंग्यांत सोलेनॉप्सिस जेमिनाटा ही एक जात आहे, मूळची अमेरिका खंडातली. मेक्सिकोतल्या अकापुल्कोहून मनिलाला जाणाऱ्या स्पॅनिश गलबतांतून ती सोळाव्या शतकात जगभर निघाली, असं २०१५ साली तिच्या जनुकांच्या अभ्यासातून दिसून आलं. मिरची आणि भुईमूगही तिकडूनच आले, त्यांना आपण घरचं केलं. हिला करता येत नाही. तान्ह्या लेकराच्या अंगावर उठलेल्या गांध्या पाहिल्यावर कुणालाही करता येणार नाही.

तिच्यासाठी बोरिक पावडर, कॅरमवर टाकतात ती. पण हातचं राखून. मुंगी सापडेल ते पोटातल्या एका वेगळ्या पिशवीत साठवते आणि घरी जाऊन तोंडातोंडी वाटते. विष जहाल असेल तर ती वाटेतच मरते आणि राणीपर्यंत काही जात नाही. म्हणून साखरेच्या पाण्यात एक टक्का, त्याहून जास्त नाही. लाल मुंग्यांना पुष्कळदा गोडापेक्षा तेलकट आवडतं, मग शेंगदाण्याच्या कुटात. दिवेलागणीला, वाटेच्या कडेला, झाकणाला बारीक भोकं पाडलेल्या डबीत, लेकरांच्या आणि मांजराच्या हाती लागणार नाही असं. त्या दिवसांत खडू ओढायचा नाही, फवारा मारायचा नाही, रांग मोडायची नाही. पहिल्या दिवशी डबीभोवती आधी होत्या त्याहून जास्त मुंग्या जमतात आणि घरचे घाबरतात. जमू द्यायच्या. दोन-तीन आठवड्यांत बीळ निपचित होतं, आणि आजूबाजूची काळ्या मुंग्यांची बिळं बहुतेक तशीच राहतात. दुकानात कुणी अजूनही जुन्या दाणेदार औषधाची, फोरेटची पुडी पुढे करतं. फोरेटवर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे, आणि बंदी नसती तरी जिथे लेकरं मातीत खेळतात तिथे ते टाकायचं नसतं, हे मी अडवून सांगते. काही जण ऐकतात.

सध्या घरात वाद आहे तो अंगणात ब्लॉक बसवायचा. घरच्यांना वाटतं, एकदा फरशी झाली की मुंग्यांची कटकट संपली. पण ब्लॉकखाली वाळूचा थर असतो, मोकळा, कोरडा, वरून झाकलेला, आणि सांध्यांतून आत-बाहेर करायला वाट तयार. लाल मुंग्यांना याहून सोयीचं घर नाही, आणि तिथे बीळ झालं तर उकळतं पाणीसुद्धा नीट पोचवता येत नाही. मी फाटकापासून ओसरीपर्यंतची वाट तेवढी द्यायला तयार आहे. लिंबाच्या बुंध्याभोवतीची जागा मातीचीच राहील, असं मी गवंड्याला दोरी धरून आखून दिलं आहे.