डिकीतला खर्ज

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मोटारीच्या डिकीत सबवूफर बसवून घेणे प्राध्यापकी पेशाला शोभणारे नव्हे, याची आम्हां दोघांनाही कल्पना होती. गणपतीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्पीकरची जी भिंत उभी राहते, तिच्याविरुद्धच्या तक्रार-अर्जाचा मसुदा दोनदा आम्हीच केला आहे. त्यात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा हवाला मोठ्या तोऱ्यात दिला होता: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. पुढे कळले की, नियमाने आवाज मोजण्याची जी रीत धरली आहे, ती कानाच्या कलाने चालते. खालच्या स्वरांना आपला कान मंद, म्हणून ती रीतही पन्नास हर्ट्झच्या ठोक्याला जवळजवळ तीस डेसिबलची सूट देते. तावदाने थरथरतात, छातीत धडधडते आणि मीटरवर मात्र त्यातले बरेचसे उमटतच नाही. हे समजल्यावर आमचा संताप वाढला की ज्ञानाने तो शमला, हे अजून ठरलेले नाही.

आणि तरी एका शनिवारी आम्ही नाना पेठेत गेलो. त्याला कारण एक कॅसेट.

अण्णा, म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे, प्राथमिक शिक्षक होते आणि गावच्या सप्ताहात पखवाज वाजवीत. १९८९ साली काल्याच्या आदल्या रात्रीचे भजन मुंबईहून आलेल्या काकांनी छोट्या टेपरेकॉर्डरवर घेतले. रेकॉर्डर देवळातल्या फळ्यांच्या मंचावरच, अण्णांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर ठेवलेला होता. कॅसेटची एकच बाजू, पंचेचाळीस मिनिटे. अण्णा २०११ साली गेले. त्यांच्या वाजवण्याचे जे काही उरले आहे ते एवढेच. कॅसेट फार झिजण्याआधी आम्ही ती पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आणि तेव्हापासून गावी जाता-येता मोटारीत ती लावतो. घरी का नाही, हे सांगता येणार नाही. घरात दोन माणसे समोरासमोर बसून गेलेल्या माणसाचे वादन ऐकतात, तेव्हा एकमेकांच्या चेहऱ्याकडे पाहावे लागते. मोटारीत दोघांनाही रस्त्याकडे पाहता येते.

तक्रार एकच होती. उजव्या पुडीचा आवाज स्वच्छ येई, टाळ तर अंमळ जास्तच. पण कणीक थापलेल्या डाव्या तोंडाचा तो घुमणारा, पोटात उतरणारा आवाज कुठे तरी दूर, भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटे. दोष स्टिरिओचा, असे आम्ही ठरवून टाकले, आणि त्याला आधारही होता. दाराच्या पत्र्यात बसवलेल्या सहा इंची स्पीकरला ऐंशी-शंभर हर्ट्झच्या खाली फारसे काही जमत नाही. खोक्यावर 'चार गुणिले पन्नास वॅट' असे छापलेले असते खरे. पण बारा-चौदा व्होल्टवर चालणारा अंगचा स्टिरिओ चार ओहमच्या स्पीकरला स्वच्छ असे वीसेक वॅटच देऊ शकतो. उरलेले वॅट जाहिरातीचे. जाहिरातीची भाषा शिकवणाऱ्यांनी हे आधी ओळखायला हवे होते.

दुकानातला कारागीर पंचविशीचा असेल. त्याने किमती सांगण्याआधी विचारले, "सर, गाणी कुठली ऐकता? त्यावरनं बॉक्स ठरवू." आम्ही जरा चाचरत "पखवाज" म्हटले. तो हसला नाही. "मग बंद पेटी घ्या. भोकाची घेतली तर आवाज मोठा येतो, पण घुमत राहतो. बंद पेटीत थाप सुटी कळंल." इतके नेमके समीक्षापर विधान आम्ही बऱ्याच दिवसांत ऐकले नव्हते.

त्याचे काम पाहत आम्ही तीन तास स्टुलावर बसलो. डॅशबोर्डमधला मूळ स्टिरिओ काढता येण्यासारखा नव्हता, स्टिअरिंगवरची बटणे त्याला जोडलेली. म्हणून मागच्या स्पीकरकडे जाणाऱ्या तारांतूनच आवाजाचा माग घेऊन तो अ‍ॅम्प्लिफायरला दिला. विजेची जाड लाल तार बॅटरीपासून निघाली, आणि निघाल्यावर वीतभरातच तिच्यावर फ्यूज बसवला. आम्ही कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "पुढं कुठंबी तार घासली, तर गाडी पेटायच्या आधी हे उडायला पाहिजे." पेटी डिकीत, स्टेपनीच्या झाकणावर. आंब्याच्या पेट्या आता कुठे ठेवायच्या, हा प्रश्न आमच्यापैकी एकीने तिथेच उपस्थित केला. त्याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही.

सगळे जोडून इंजिन सुरू केले तर स्पीकरमधून बारीक शिट्टी येऊ लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती चढे, सोडला की उतरे. गाडीचे वीज तयार करणारे यंत्रच गाऊ लागले होते. कारागिराने कपाळाला हात लावला, डिकीतला अर्थिंगचा बोल्ट काढला, त्याखालचा रंग पॉलिश-पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासला आणि बोल्ट पुन्हा आवळला. शिट्टी बंद. मग त्याने ऐंशी हर्ट्झच्या वरचे सारे सबवूफरपासून अडवले आणि शेवटची घुंडी फिरवताना बजावले, "ही आवाज वाढवायची नाही बरं का. एकदा लावली की हात लावायचा नाही."

प्रथम आमच्याकडचे एक नीट ध्वनिमुद्रित तबलावादन लावले. डग्ग्यावर मनगट सरकले की आवाज कसा वाकतो, ते पाठीला कळले. ऐकू आले असे म्हणत नाही, कळले. त्यानंतर अण्णांचे भजन लावले.

काहीच झाले नाही. टाळ होते, वीणा होती, उजवी पुडी होती. डिकीतली पेटी गप्प. कारागिराने तारा तपासल्या, मागे जाऊन सबवूफरच्या कागदावर अलगद बोट ठेवले, आणि परत येऊन सांत्वनाच्या सुरात म्हणाला, "सर, यात खालचं नाहीचे. घेतानाच आलं नाही."

छोट्या रेकॉर्डरच्या आतल्या माइकला आणि त्यापुढच्या मंडलाला खालचे स्वर पेलत नाहीत, ही माहिती कुठल्याही पुस्तकात मिळाली असती. आम्हांला ती काही हजार रुपये मोजून मिळाली. पण प्रश्न तो नव्हता. इतकी वर्षे आम्ही जे ऐकत होतो, भिंतीपलीकडून का होईना, ते मग काय होते?

टेलिफोनच्या तारेतून तीनशे हर्ट्झच्या खालचे फारसे काही जात नसे, आणि पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर तर सव्वाशेच्या आसपास असतो. तरीही वसतिगृहात असताना दर रविवारी एसटीडी बूथवरून अण्णांचा तो जाड, खालच्या पट्टीतला आवाज आमच्यापैकी एकाने ऐकला आहे. तारेतून त्यांच्या आवाजाचे वरचे मजले तेवढे येत. तळमजला ऐकणारा बांधून घेई. कान हे करतो, शास्त्रात ते नोंदलेले आहे. पखवाजाच्या बाबतीत कानाच्या या सवयीचा वाटा किती आणि आठवणीचा किती, ते वेगळे काढता येत नाही. मात्र त्यातला एक भेद त्या संध्याकाळी परतीच्या वाटेवर आमच्या लक्षात आला. ज्याने अण्णांना मंचाखाली बसून ऐकले होते, त्याला तो ठोका आताही ऐकू येत होता. जिने लग्नानंतर, अण्णांचे हात थकल्यावर ऐकले, तिला तो कधीच नीट ऐकू आलेला नव्हता. इतकी वर्षे तिने हे बोलून दाखवले नव्हते, एवढेच. स्टिरिओ बदलू या, हा आग्रह मुळात तिचाच होता.

पेटी काढून टाकावी, असे एकाचे मत पडले. दुसरीने डग्ग्याच्या आधारावर विरोध केला. ती राहिली.

दिवाळीत गावी जाताना भजन लावले होते. मागच्या सीटवर मुलगी अर्धवट झोपेत. या वेळी आम्ही बंद न करता बाजू शेवटपर्यंत वाजू दिली. गजर संपला, कोणी तरी खोकले, आणि त्याच क्षणी डिकीतून एकच दणका आला. बोजड आणि खोल. सीटच्या पाठी हादरल्या. मुलगी दचकून उठली. "काय आपटलं, बाबा?"

गाडी कडेला घेऊन आम्ही तेवढा तुकडा पुन्हा लावला. खोकला, मग दणका. रेकॉर्डर त्याच फळ्यांवर होता. माइकला न पेललेले लाकडातून थेट पोचले होते.

"आजोबांनी पखवाज खाली ठेवला," आम्ही सांगितले.