मामंजींची फियाट आणि माझा रुसवा

मैत्रिणींनो, कुकरची रिंग सैल झाली की आपल्याला नुसत्या आवाजावरून कळतं. गॅसची नळी आपण तारीख बघून बदलतो. पण ज्या गाडीत मुलाबाळांना घेऊन निर्धास्त बसतो, तिचे ब्रेक शेवटचे कधी तपासले, हे मी गेल्या श्रावणापर्यंत एकदाही विचारलं नव्हतं. ते खातं पुरुषांचं ना!

आमच्याकडे मामंजींची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. घाटनांदुरात तिला सगळे ‘फियाट’च म्हणतात. गिअरचा दांडा स्टेअरिंगपाशी, चारही चाकांना ड्रम ब्रेक. मामंजी तिला रोज सकाळी स्वतः पुसतात. ‘माझ्याकडे एवढं बघितलं असतं तर!’ असं सासूबाई अजून म्हणतात.

श्रावणातल्या एका सोमवारी अंबाजोगाईला योगेश्वरीचं दर्शन घेऊन आम्ही परळीला वैजनाथाला निघालो. हे चालवत होते. घाटाच्या उतारावरही यांनी वरचाच गिअर ठेवला आणि पाय सारखा ब्रेकवर. थोड्या वेळाने जळकट वास आला. मला वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. मग आरशात यांचा चेहरा दिसला. ब्रेकचं पेडल खोल खोल जात होतं आणि गाडी काही आवरत नव्हती. यांनी कसाबसा खालचा गिअर टाकला आणि कडेच्या मुरमाच्या ढिगात गाडी घातली. लेकीच्या हातातला नारळ गडगडत पुढच्या सीटखाली गेला. कुणाला लागलं नाही. पण माझे हात परळी येईपर्यंत थरथरत होते.

गंमत म्हणजे, अर्ध्या तासाने ब्रेक पुन्हा नीट लागायला लागला! ‘निवला म्हणायचा,’ सासूबाई म्हणाल्या.

त्या अगदी बरोबर बोलल्या होत्या, हे मला लातूरच्या मिस्त्रींनी समजावलं. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा. ब्रेक दाबला की आतले लायनर बाहेरच्या बाजूला फाकून डब्याला घासतात. उष्णता आतच कोंडते, डबा तापून फुगतो, लायनरची पकड सुटते. शिवाय आमचं ब्रेक ऑइल कित्येक वर्षांचं. ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग लवकर उकळतं. डिस्क ब्रेकचं तसं नाही. उघडा तवा दोन्ही बाजूंनी सांडशीने धरावा, तशी ती चकती धरली जाते आणि वाऱ्यावर लवकर निवते.

झालं! मी घरी येऊन डिस्कचं टुमणं लावलं. मामंजी म्हणाले, ‘गाडी जशी आली तशीच राहील. चूक गाडीची नाही, चालवणाऱ्याची आहे.’ यांनी सांगून पाहिलं, की १९५३ साली फ्रान्समधल्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेकवाली जग्वार पहिली आली होती. ‘तुला काय परळीला शर्यतीत जायचंय?’ मामंजींनी विचारलं. त्यावर काय बोलणार?

मी मात्र सांगून टाकलं, ‘मामा, ब्रेक होईपर्यंत मी आणि पोर या गाडीत बसणार नाही.’ सून म्हणून हे जरा जास्तच झालं, मला ठाऊक आहे. पण दिवाळीला माहेरी मी एस.टी.ने गेले. मामंजी फाटकाशी उभे होते. काही बोलले नाहीत. संक्रांतीच्या आत मात्र स्वतःच म्हणाले, ‘मिस्त्रीला विचारा. पण जुने ड्रम फेकायचे नाहीत.’

आता मिस्त्री भलतंच बोलू लागले! म्हणाले, ‘ताई, नुसती चकती बसवून भागत नाही.’ फिरता ड्रम लायनरला आपणहून ओढून घेतो, म्हणून पेडल हलकं लागतं. डिस्कला ती ओढ नाही. पायाला जोर देणारा बूस्टर हवा. मास्टर सिलिंडरही जुळता हवा. ड्रमच्या जुन्या सिलिंडरात थोडा दाब धरून ठेवणारी झडप असली, तर ती डिस्कच्या वाटेत राहून चालत नाही, पॅड सारखे घासत राहतात. चाकाची रिम आतून अडकते का, ते बघायचं. आणि पकड बसवायचा ब्रॅकेट कुठेही वेल्डिंग मारून करायचा नाही. डिस्क फक्त पुढच्या दोन चाकांना. ब्रेक लागला की एस.टी.त आपण सगळ्या पुढे झुकतो ना, तसा गाडीचा भारही पुढेच येतो. मागे ड्रमच राहिले, पण नव्या लायनरसकट. आजच्या पुष्कळ लहान गाड्यांतही असंच असतं.

अंबाजोगाईच्या आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारून, मगच काम काढलं. बी.एड.च्या फीसाठी तासांच्या मानधनातून साठवलेल्या पैशांतले निम्मे मी दिले. निम्मे मामंजींनी. माझा प्रवेश एक वर्ष पुढे गेला. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

आता घाटात हे खालच्या गिअरमध्ये उतरतात. मामंजींचं तेवढं म्हणणं खरंच होतं, डिस्क असली तरी. जुने ड्रम तेल लावून गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवलेत. आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सिलिंडरच्या तारखेशेजारी मी ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख लिहून ठेवली आहे. दर दोन वर्षांनी बदला, असं मिस्त्रींनी सांगितलंय. गेल्या आठवड्यात मामंजी चष्मा लावून ती तारीख वाचत उभे होते.